मदत हवी आहे: आजोबांच्या बँडचा इतिहास (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर शुक्रवार पेठेत. २०२१ च्या पुरात माळ्यावर चढवलेली आजोबांची ट्रंक वाचली, पण ती उघडायला मला इतकी वर्षं लागली. आत एक क्लॅरिनेट, सारेगममध्ये चाली उतरवलेली वही आणि एक ग्रुप फोटो निघाला. या तिन्हींवरून आजोबांच्या बँडचा इतिहास लिहायचा आहे आणि मी अडलोय.

फोटोत अकरा माणसं आणि झांजा धरलेला एक पोरगा आहे. सगळ्यांना फेटे. आजोबा डावीकडून तिसरे, क्लॅरिनेट छातीशी धरून. मागं पाटीवर ‘पॅलेस थिएटर’ स्पष्ट वाचता येतं. म्हणजे १९१५ नंतरचा आणि १९५७ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह असं नाव होण्याआधीचा. २०२४ च्या आगीत ती वास्तू जळाली, त्यामुळं समोर उभं राहून फोटो ताडून बघायचं राहूनच गेलं. याची हळहळ वाटते.

खरा पेच मोठ्या ढोलावर आहे. त्यावर ‘...तालीम मंडळ’ एवढंच दिसतं, त्याआधीचं नाव वाजवणाऱ्याच्या हाताखाली झाकलंय. आजी तर शेवटपर्यंत सांगायची, “ते सरकारी बँडात हुते, दसऱ्याला सरकारांच्या म्होरं वाजवायचे.” सरकार म्हणजे कोल्हापूरचे महाराज. मग ढोल तालमीचा कसा? १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, तेव्हा ही माणसं पेठेतल्या बँडांत गेली असतील, असा माझा तर्क. तसं झाल्याचं कुणी घरात ऐकलंय का?

आजोबा आधी सरकारी बँडात होते, हे क्लॅरिनेटही सुचवते. तिच्यावर इंग्रजीत ‘एच. पी.’ असा शिक्का आहे, म्हणजे हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड पूर्वी उंच पट्टीत वाजायचे, म्हणजे ‘ए’ हा सूर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांवर. ४४० चं प्रमाण १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. ओळखीच्या वादकानं नवी पत्ती लावून फुंकली, मी पेटी धरली. सूर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या बरोबर मधे पडत होता. कितीही भाता मारला तरी जुळेना. पण नुसती ऐकली तर काय गोड वाजते! अंगावर काटा आला.

तर विचारायचं असं. पुराभिलेखागारात बँडवाल्यांचे पगारपट शोधायचे तर कुठल्या खात्यात बघू, लष्कराच्या की खासगीच्या (महाराजांच्या घरच्या कारभाराच्या)? तिथं काम केलेल्यांनी जरूर सांगा, कारण मला रजा दोनच दिवस मिळणार आहे. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी वर्तमानपत्रं चाळायची झाली तर दसऱ्याच्या आसपासचे अंक पुरतील का? आणि वहीचं पहिलं पान दमटपणानं चिकटलंय, ते न फाडता कसं सोडवायचं? चालींच्या वर बारीक अक्षरात कुणाकुणाची नावं लिहिलेली दिसतात. बहुधा कुणी काय वाजवायचं ते. मला ती नावंच हवी आहेत. आजोबा सोडून फोटोतल्या एकाचंही नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. मिरवणुकीत पुढं चालून गाव जागं करणाऱ्या माणसांची नावं अशी जाऊ नयेत.

कोल्हापुरात जुन्या पेठांतून राहणाऱ्यांना कळकळीची विनंती: घरात अशाच फोटोची दुसरी प्रत असेल, तर पाठीमागं काय लिहिलंय तेवढं बघून कळवा. आमच्या प्रतीवर पेन्सिलीनं फक्त ‘दसरा’ लिहिलंय, साल नाही.