मदत हवी आहे: बेटाला ‘एन्क्लेव्ह’ कधी म्हणायचं?

एन्क्लेव्ह म्हणजे परक्या देशाच्या हद्दीने पूर्ण वेढलेला प्रदेश. स्वशासित बेटांची यादी करताना चॅनल बेटांपाशी (फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची, ब्रिटिश राजसत्तेखालची जर्सी, गर्न्सी वगैरे) अडलो आहे. १९७७ च्या ब्रिटन-फ्रान्स लवादाने या बेटांच्या उत्तरेला आणि पश्चिमेला १२ सागरी मैलांचा पट्टा आखला. त्या रेषेपलीकडचा समुद्रतळ फ्रान्सचा. म्हणून बरेच जण त्यांना सरळ ‘एन्क्लेव्ह’ म्हणतात. मला ते पटत नाही. प्रादेशिक समुद्रावर (किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत) देशाचं सार्वभौमत्व असतं. त्यापलीकडच्या खंडमंचावर (समुद्रतळावर) आणि अनन्य आर्थिक क्षेत्रावर (२०० मैलांपर्यंतच्या समुद्रावर) मुख्यतः साधनसंपत्तीचे हक्क. तिथून जहाज कुणाला न विचारता जातं, मग वेढा कसला?

याउलट मलावीची लिकोमा आणि चिझुमुलू बेटं घ्या. ती मलावी सरोवरात असल्याने तिथे १२ मैलांचा नियमच लागू नाही आणि चहूकडे मोझांबिकचं पाणी. उरुग्वेच्या पाण्यातलं अर्जेंटिनाचं मार्तीन गार्सियाही (हद्द ठरवणारा १९७३ चा करार) तसंच. ही खरी एन्क्लेव्ह, पण स्वशासित नाहीत.

दोन शंका आहेत. जर्सी आणि फ्रान्समधलं अंतर २४ मैलांहून (दोघांचे १२-१२) कमी, त्यामुळे तिथे दोघांचे प्रादेशिक समुद्र थेट भिडतात. एका बाजूने असं भिडणं आणि दुसरीकडे परका खंडमंच, याला ‘अर्ध-एन्क्लेव्ह’ म्हणावं का? आणि निर्दोष मार्गक्रमणाचा (परक्या प्रादेशिक समुद्रातून शांतपणे जहाज नेण्याचा) हक्क असला, तरी परक्या प्रादेशिक समुद्राने पूर्ण वेढलेलं बेट एन्क्लेव्हच ठरतं ना?