सध्या काय वाचलंत? आवडलं, नावडलं, दोन्ही सांगा

कथा-कादंबरी असो वा आत्मकथन, अलीकडे वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहा. गोष्ट थोडक्यात, मत मात्र सविस्तर. सुरुवात मीच करते.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचली, २०२३चं साहित्य अकादमी मिळालेली. धरणापायी गाव उठलं. मागे राहिलेल्या म्हशीला आणायला देवाप्पा पुन्हा त्या रानात जातो, पण दावणीला वाढलेलं जनावर आता माणसाला अंगाला हात लावू देत नाही. विस्थापनावर यात कुठेही भाषण नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. बोली सुरुवातीला जड जाते. मोठ्याने वाचा, लगेच जमते.

*

ताई, तुमचं वाचून 'बनगरवाडी' पुन्हा काढली. माडगूळकरांनी १९५५ साली दिलेलं पुस्तक, एक शब्द जास्तीचा नाही. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः औताला जुंपून घेते, तो प्रसंग लेखक गळा न काढता सांगतो. दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन निघून जातात तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

*

मी ललित फार वाचत नाही. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचलं आणि भारावून गेलो. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाला आणि १८५७च्या बंडात सापडला. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. कत्तल, लूट, लपून काढलेल्या रात्री, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. एवढ्यातूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड तो घरी पोचवतो! इतिहासाच्या पुस्तकात राणी दिसते, इथे तिच्या शहरात अडकलेली माणसं दिसतात. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापताना मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. गोडसे भटजींचा स्वतःचा आवाज तिच्यात आहे.

*

'रारंगढांग' (प्रभाकर पेंढारकर). हिमालयात रस्ता बांधणाऱ्या माणसांचं जग जबरदस्त उभं राहतं. कोर्ट मार्शलचा भाग मला जरा नाटकी वाटला. तरी स्थापत्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावीच.

*

दादा, पोतदारांची आवृत्ती कुठल्या वाचनालयात पाहिली असेल तर कळवा. आमच्याकडे वैद्यांचीच आहे.