चर्चा: महापुराच्या आराखड्यात बाईचा विचार वेगळा करायचा का?

कृष्णाकाठ
सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं. हे आकडे सांगलीत पोराठोरांनाही पाठ आहेत. पण आराखडा नुसता या आकड्यांवर बेतला जातो. घर रिकामं कोण करतं, ते त्यात कुठंच नसतं. इशारा येतो मोबाइलवर, आणि तो असतो कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, तान्हं मूल, दावणीला म्हशी, वर्षाचं धान्य. हे सगळं एकटीनं हलवायचं तर दिवस जातो. म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ठळक रंगवावं, ‘आयर्विन अमुक फूट झालं की इथं पाणी’. वरच्या गावांनी भिलवडी पुलाची पातळी धरावी. आणि दर दोन तासांनी पातळी देवळाच्या भोंग्यावरून सांगावी. त्यासाठी बाईला फोन लागत नाही, कुणाला विचारावंही लागत नाही.

विसर्ग
असहमत. कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं). तिथून कधी, किती सोडायचं आणि पूररेषेत घरं का उठली, हा खरा प्रश्न. पाणी बाई-पुरुष बघत नाही. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉटात आधी शिरतं, कारण तो भाग सखल आहे. आणि पुरुषांच्या जिवाचं काय? नदीवरची मोटर काढायला रात्री-अपरात्री पाण्यात कोण उतरतं?

कृष्णाकाठ
मोटरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ‘हे गड्याचंच काम’ असं धरलं की गडी ओल्या स्टार्टरला हात घालतो आणि बाई घर सोडायला त्याची वाट बघत बसते. दोघंही अडकतात. काठावरच्या मोटरी इशारा पातळीच्या बऱ्याच आधी, दिवसाउजेडी निघाल्या पाहिजेत. आधी रोहित्रावरून वीज बंद, मग केबल सोडायची, मग मोटर वर ओढायची. हे कधी करायचं, ती तारीख आराखड्यात नको का?

निवारा
विसर्गदादा, पाणी भेद करत नसेल, बोट करते. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला (ता. पलूस) खचाखच भरलेली बोट उलटली, गेलेल्यांत बायका-मुलंच जास्त. जाकिटं नुसती असून भागत नाही. काही जाकिटांचा खालचा पट्टा दोन पायांमधून घ्यावा लागतो. सहावारी साडीवर तो घेता येत नाही, मग तसाच लोंबतो. पाण्यात पडलं की जाकीट वर सरकून हनुवटीला अडकतं आणि माणूस खाली राहतो. काष्टा किंवा सलवार असेल तरच तो पट्टा बसतो. नाहीतर कमरेचे पट्टे करकचून आवळायचे. हे मे महिन्यात, विहिरीवर, प्रत्यक्ष बायकांना घालून बघायचं काम आहे.

आता शाळेतलं शिबिर. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात २० माणसांमागे एक संडास, आणि बायकांना पुरुषांच्या तिप्पट. म्हणजे २०० माणसांना १०, त्यातले सात-आठ बायकांचे. शाळेत असतात किती? आतून कडी नाही, रात्री दिवा नाही, म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. पाळीची कापडं धुवायला आडोसा नाही, पावसात वाळवायला दोरी नाही. कडी, बल्ब, दोरी, ताडपत्री. याला धरणाचा विसर्ग ठरायची वाट कशाला बघायची?

पंचनामा
दोघांशीही थोडं भांडण आहे. पाणी ओसरल्यावर बाई दुसऱ्यांदा बुडते, आणि ते कागदात. घराची मदत मागायला गेलं की ज्याच्या नावावर नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) आहे तो पुढं, पिकाची मागायला गेलं की सातबारावाला. खंडानं केलेलं शेत, शिलाई मशीन, लोकाच्या शेतातली बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? कायदा आंधळा नाही. २००५च्या आपत्ती कायद्यात कलम १२ खाली मदतीच्या किमान निकषांत विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायची आहे. पण माहेरी राहणाऱ्या परित्यक्तेचं नाव असतं नवऱ्याच्या रेशनकार्डावर, त्यामुळं ती मोजलीच जात नाही.

शेळीचंही तसंच. केंद्राच्या २०२२च्या दरात एका शेळीला ४,००० रुपये. पण मेलेली शेळी वाहून गेली तर दाखवायचं काय? म्हणून कानात बिल्ला आधीच मारून घ्यावा आणि नोंद बाईच्या नावावर करावी.

माणदेश
फक्त पुराचं बोलताय. जत, आटपाडी, माणमध्ये दुष्काळातही हेच. ठिबकचं अनुदान सातबारावर. रान राबणारी ती, अर्जावर सही त्याची. पीक बदलायचं की नाही, हे तिला कुणी विचारत नाही.

विसर्ग
पूररेषेवरचं मत बदलत नाही. ती कडक झाली तर शिबिरंच कमी लागतील. पण भिंतीवरचे आकडे आणि कड्या यांना माझा विरोध नाही. फक्त ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत म्हणून हे आपोआप होईल, असं समजू नका. रात्री दोनला भोंगा कोण वाजवणार आणि कोणत्या गल्लीत आधी जाणार, ते नावानिशी लिहा, आणि त्यात निम्मी नावं बायकांची धरा.

निवारा
गल्लीचा आकडा रंगवायला २०१९ची खूण अजून बऱ्याच भिंतींवर दिसते. ती ५७ची धरून टेपनं खाली रस्त्यापर्यंत मोजत या, तेवढे फूट ५७मधून वजा केले की गल्लीचा आकडा ढोबळमानानं निघतो.