पैसा कशावर गेला ते बघा

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली मुलं वाचायला लागली ती निव्वळ तिसरीत नापास करायच्या धाकाने, सरकारी पैशाचा त्यात काही वाटा नाही. नापास केल्यामुळे चौथीच्या वाचन चाचणीचे आकडे थोडे फुगत असतील, मान्य. पण नापास करायचा नियम ज्या कायद्याने आणला, २०१३ च्या त्याच कायद्यासोबत राज्याने खास सुरुवातीच्या वाचनासाठी निधीही दिला, पुढे वर्षाला साधारण दीड कोटी डॉलर.

त्यातला मोठा भाग माणसांवर गेला. सगळ्यात मागे पडलेल्या शाळांत राज्याने वाचनाचे प्रशिक्षक पाठवले. हे लोक बाईंच्या वर्गात बसतात, स्वतः धडा घेऊन दाखवतात, 'शिप' आणि 'चिप'मधला फरक कोणाला ऐकूच येत नाही ते हेरतात. मुख्य म्हणजे शिक्षकाचा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात नसतो. त्यामुळे बाईही अडचण मोकळेपणी सांगतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत २०१३ साली तिथल्या चौथीची सरासरी २०९ होती, देशातल्या सरकारी शाळांची २२१. २०१९ मध्ये दोन्ही २१९. (देशाची घसरली हेही खरं.)

आपल्याकडे निपुण भारतचा, म्हणजे लहान मुलांना वाचन आणि अंकगणित यावं म्हणून चाललेल्या मोहिमेचा, पैसा समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून येतो, केंद्र सरकारचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. वर्गात बसायचं काम केंद्रप्रमुखांचं, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचं. पण त्यांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यातच संपतो. निधी वाढवा म्हणण्याआधी मी तरी केंद्रप्रमुखांची रिकामी पदं भरा म्हणेन.