प्रतिसाद: चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवावं का?

वर कुणीतरी सुचवलंय, चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवा. मी 9 वर्षं पाळणाघर चालवतेय. अडीच वर्षांच्या पोराला कोपरा कळत नाही, ताई रागावली एवढंच कळतं. आमच्याकडचा एक जण रोज साडेअकराच्या सुमारास चावायचा. चार दिवस नुसतं वहीत टिपलं, तेव्हा उलगडलं: लाल गाडी एकच, आणि पोटात भूक! खाऊ अकराला द्यायला लागलो, तशाच आणखी दोन गाड्या आणल्या. चावलाच तर आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्यायचं, मग याच्यासमोर उकिडवं बसून, "चावायचं नाही, दुखतं. 'मला दे' म्हण." बास, भाषण नाही. दोनेक आठवड्यांत बरंच कमी झालं. (चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या पालकांना सांगू नका, फाटकाशी भांडणं होतात.) घरी कुणी 'बघ कसं लागतं' म्हणून उलटं चावून दाखवत असेल, तर ते आधी थांबवा.