मदत हवी आहे: डब्ल्यूआरएक्सला व्हीएफ३९ बसवतोय, कॉम्प्युटर कोणता घेऊ?

एडिसनकर
गाडी २००५ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स. मूळचा टीडी०४ काढून व्हीएफ३९ टर्बो बसवतोय. डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) ३ इंची आहे, एसटीआयचा (डब्ल्यूआरएक्सची जास्त ताकदीची आवृत्ती) इंटरकूलरही मिळालाय. अडलंय ते फक्त कॉम्प्युटरवर. मूळचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीफ्लॅश करू म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलू, पिगीबॅक म्हणजे सेन्सरचे सिग्नल बदलणारा जोड-बॉक्स लावू, की सरळ स्टँडअलोन म्हणजे मूळच्या जागी नवा कॉम्प्युटर घेऊ? शनिवारी गाडी गॅरेजला लागतेय, तेव्हा लवकर सांगा.

बॉक्सर_चार
इंजेक्टर कोणते? पेट्रोल पंप मूळचाच का? पेट्रोल किती ऑक्टेनचं? वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) आहे का? गाडी रोज चालवता की फक्त ट्रॅकवर? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग कॉम्प्युटर कोणत्या आधारावर सुचवायचा?

मेलबर्नकर
स्टँडअलोन घ्या आणि मोकळे व्हा. हॉल्टेक किंवा लिंक, दोघांचेही या गाडीसाठी प्लग-इन मिळतात, वायरिंग कापावं लागत नाही. मॅफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर काढून टाकून मॅप म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर चालवता येतं, उद्या इथेनॉल सेन्सर जोडता येतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंजिनचं संरक्षण. ऑइलचा दाब पडला किंवा मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालं की इंजिन आपोआप कट. मूळच्या ईसीयूत हे होत नाही.

कोथरूड_टर्बो
एवढा खर्च कशाला? आमच्याकडे ऑक्टाव्हिया आरएसला ट्यूनिंग बॉक्स लावतात. अर्ध्या तासाचं काम, सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवायचा.

बॉक्सर_चार
@कोथरूड_टर्बो, ऑक्टाव्हियाची गोष्ट वेगळी. तिथला ईसीयू टॉर्कचं लक्ष्य धरून बूस्ट (टर्बोचा दाब) ठरवतो. बॉक्स प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, म्हणून ईसीयू बूस्ट वाढवतो. सुबारूचा हा ईसीयू पेट्रोल आणि इग्निशन टायमिंग दोन्ही मॅफने मोजलेल्या हवेवरून ठरवतो. पिगीबॅकने मॅफचा सिग्नल खाली ओढला की पेट्रोल कमी होतं खरं, पण ईसीयूला लोड कमी वाटतो आणि तो टायमिंग पुढे नेतो. भरपूर बूस्ट आणि पुढे गेलेलं टायमिंग म्हणजे नॉक, सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट. शिवाय क्लोज्ड लूपमधलं (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू स्वतःच करतो ते) फ्युएल लर्निंग काही दिवसांत पिगीबॅकची दुरुस्ती पुसायला लागतं. रीफ्लॅशची सोय नव्हती तेव्हा हा उपाय ठीक होता. या गाडीला आज त्याची गरज नाही.

एडिसनकर
बरं, राहिलेली माहिती. न्यू जर्सीत आहे, ९३ चं पेट्रोल. इंजेक्टर आणि पंप मूळचे. वाइडबँड नाही. गाडी रोज ऑफिसला नेतो.

फ्रीमाँटवाला
रोजची गाडी आणि न्यू जर्सी? मग स्टँडअलोन विसरा. इन्स्पेक्शनला ओबीडी (गाडीच्या स्व-तपासणीच्या) पोर्टात प्लग घालतात. २००१ पासूनच्या गाडीचा जास्तीत जास्त एक मॉनिटर (प्रदूषण-यंत्रणेची ईसीयूने केलेली चाचणी) अपूर्ण चालतो. बहुतेक स्टँडअलोन हे मॉनिटर चालवतच नाहीत, गाडी तिथेच नापास. आमच्या कॅलिफोर्नियात तर १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये सॉफ्टवेअरही तपासतात. मूळ कंपनीचं नसेल आणि कार्बचा (कॅलिफोर्नियाचं हवा-प्रदूषण मंडळ) ईओ म्हणजे मंजुरी क्रमांक नसेल, तर नापास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर देशभर बेकायदा आहे. डाऊनपाइपमध्ये कॅट आहे ना, ते आधी बघा.

कोथरूड_टर्बो
९३ चं पेट्रोल आणि व्हीएफ३९? आपल्याकडे एक्सपी९५ मिळतं, एक्सपी१०० मिळतं. ९३ वर एवढा बूस्ट झेपणार नाही.

फ्रीमाँटवाला
अहो, मोजमाप वेगळं आहे. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत, रॉन आणि जास्त कडक मॉन. भारतात पंपावर रॉन लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. इथलं ९३ म्हणजे साधारण ९७-९८ रॉन. आमचं ९१ म्हणजे ९५-९६. त्यामुळे ९३ वर झेपेल. फक्त न्यू जर्सीत ९३ वर केलेलं ट्यूनिंग घेऊन इकडे ९१ भरायचं नाही.

कोथरूड_टर्बो
मान्य. पण आता इकडे जवळपास सगळं ई२० (२० टक्के इथेनॉल), त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.

गिअरबदल
कॉम्प्युटरच्या आधी ब्रेक आणि टायर बघा. आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोची जादा हवा सोडणारा) बाहेरच्या हवेत सोडणारा लावणार असाल तर मॅफच्या गाडीला लावू नका. मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र तिच्या हिशोबाने पडतं, गिअर बदलताना गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन अडखळते. हवा परत आत वळवणारा रीसर्क्युलेटिंगच ठेवा.

एडिसनकर
ब्रेकचं कुणी विचारलं नाहीये. म्हणजे रीफ्लॅश. पण मूळचा ईसीयू व्हीएफ३९ ला पुरेल का?

बॉक्सर_चार
ईसीयू पुरेल, इंजेक्टर पुरणार नाहीत. हिशोब बघा.

व्हीएफ३९ पूर्ण जोरात सेकंदाला सुमारे २७० ग्रॅम हवा ओढतो असं धरा. मूळचा मॅफ ३०० ग्रॅमच्या आसपास संपतो, म्हणजे मॅफ चालेल. ११:१ च्या मिश्रणाला २४.५ ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला जवळपास २,००० सीसी. चार इंजेक्टर, प्रत्येकी ५०० सीसी. ८५ टक्के ड्युटीच्या (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेचं प्रमाण) वर जायचं नाही, म्हणून ५८५ सीसीचा इंजेक्टर हा किमान. तुमचे फार तर ४४० चे आहेत. ते ८५ टक्क्यांवर २०० ग्रॅमच्या थोडं पुढे संपतात. त्यापुढे बूस्ट वाढतो, पेट्रोल वाढत नाही, आणि पिस्टन जातो. ६५० घ्या, त्याच्या जोडीला ताशी २५५ लिटरचा पंप.

इंजेक्टर बदलले की रॉममध्ये (ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन गोष्टी बदलाव्या लागतात: स्केलिंग (इंजेक्टर किती सीसीचा) आणि व्होल्टेजनुसार लेटन्सी (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ). लेटन्सी चुकली तर फुल थ्रॉटलला सगळं छान दिसतं आणि आयडलला गाडी गचके देते. डेटाशीट देणारेच इंजेक्टर घ्या.

मेलबर्नकर
हा सगळा खटाटोप करून शेवटी मॅफच्या मर्यादेपाशीच थांबायचं. पुढचा टर्बो घेतलात की पुन्हा पैसे.

बॉक्सर_चार
पुढच्या टर्बोआधी पाच गिअरचा गिअरबॉक्स थांबवेल. ३०० पौंड-फूट टॉर्कच्या पुढे तो भरवशाचा नाही. ट्यूनरला सांगा, ३,५०० आरपीएमच्या आसपास बूस्ट एकदम उभा करू नका, हळू चढवा. ट्रॅकपुरती गाडी असती तर मीही स्टँडअलोनच सांगितलं असतं.

एडिसनकर
ऑफिसातला एक जण जुना ॲक्सेसपोर्ट (रीफ्लॅश करायचं हातातलं यंत्र) विकतोय. घेऊ का? की लॅपटॉपवरून रीफ्लॅश करायची टॅक्ट्रिक्सची केबल?

फ्रीमाँटवाला
ॲक्सेसपोर्ट एका वेळी एकाच गाडीला बांधलेला असतो. विकणाऱ्याने आपल्या गाडीतून तो अनइन्स्टॉल केलाय का ते स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तो २००५ डब्ल्यूआरएक्सला चालणारा आहे का, तेही बघा. एसटीआयचा वेगळा असू शकतो.

बॉक्सर_चार
ट्यूनर ज्यात काम करतो ते घ्या, हा पहिला निकष. स्वतः शिकायचं असेल तर ओपनपोर्ट २.० (हीच टॅक्ट्रिक्सची केबल), आणि ईसीयूफ्लॅश व रोमरेडर ही सॉफ्टवेअर. तुमचा ईसीयू १६ बिटचा. फ्लॅश करताना डॅशबोर्डखालचे हिरवे टेस्ट कनेक्टर जोडावे लागतात, टॅक्ट्रिक्सला त्याशिवाय पांढरा इनिट कनेक्टरही. बॅटरीला चार्जर लावूनच बसा, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी. काम झालं की हिरवे कनेक्टर सोडवा, नाहीतर पंखा चालू-बंद होत राहतो आणि चेक इंजिन लुकलुकतो.

वाइडबँड मात्र हवाच, डाऊनपाइपमध्ये. मूळचा पुढचा सेन्सर टर्बोच्या आधी आहे, तिथल्या दाबामुळे बूस्टमध्ये त्याचा आकडा फसवा येतो. बूस्टमध्ये लॅम्डा (आदर्श मिश्रण म्हणजे १, त्याहून कमी म्हणजे रिच) ०.७५ ते ०.७८ ठेवा. लॅम्डातच वाचा, म्हणजे पेट्रोलमधल्या इथेनॉलचा गोंधळ होत नाही.

पहिले लॉग फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर (म्हणजे सर्वांत कमी बूस्टवर), तेही डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर). आयएएम (नॉक बघून ईसीयू टायमिंगवर ठेवतो तो भरवशाचा आकडा), फीडबॅक नॉक, फाइन नॉक लर्निंग, इंजेक्टर ड्युटी, मॅफ, बूस्ट, सगळं एका लॉगमध्ये घ्या. १६ बिटच्या ईसीयूत आयएएम १६ वर असायला हवा. तो खाली आला की बूस्ट वाढवणं थांबवा आणि कारण शोधा.

एडिसनकर
धन्यवाद. तोच ऑफिसातला त्याच्या २००५ एसटीआयचे काढलेले इंजेक्टर फुकट देतोय. शनिवारी तेच टाकून घेऊ?

बॉक्सर_चार
नाही. २००४ ते ०६ च्या एसटीआयचे साइड-फीड (पेट्रोल बाजूने येणारे), तुमच्या गाडीला टॉप-फीड (वरून येणारे) लागतात. तुमच्या मॅनिफोल्डमध्ये ते बसणारच नाहीत. आणि आहेत साधारण ५५० चे, वरचा ५८५ चा हिशोब बघा. ६५० चे टॉप-फीड मागवा आणि ते हातात येईपर्यंत टीडी०४ काढू नका.