मदत हवी आहे: फायरफॉक्समध्ये रीसेट केलेली सेटिंग्ज परत येतात, टॅब क्रॅश होतात

वेग वाढावा म्हणून तयार यूजर.जेएस फाइल (सेटिंग्जच्या किमती ठरवणारी) प्रोफाइलमध्ये, म्हणजे माझी सेटिंग्ज नि एक्स्टेन्शन असलेल्या फोल्डरमध्ये टाकली. रॅम ८ जीबी. तेव्हापासून व्हिडिओ लावला की पान लुकलुकतं, बरेच टॅब उघडले की एखादा क्रॅश होतो. अबाउट:कॉन्फिगमध्ये (अ‍ॅड्रेस बारमध्ये टाइप करून उघडणारं प्रगत सेटिंग्जचं पान) रीसेट केलं, पण ब्राउझर पुन्हा उघडला की जैसे थे. फाइलमधल्या मुख्य ओळी:

जीएफएक्स.वेबरेंडर.ऑल = ट्रू
ब्राउझर.कॅश.मेमरी.कपॅसिटी = १०४८५७६
ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल = फॉल्स
नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलायनिंग = ट्रू

फायरफॉक्स रीफ्रेश केलं (मूळ स्थितीत आणलं) तर एक्स्टेन्शन जातील, म्हणून ते टाळायचं आहे.

प्रतिसाद १
रीफ्रेशची गरज नाही, तुमचा क्रम चुकतोय. यूजर.जेएस दर वेळी सुरू होताना वाचली जाते आणि तिच्यातल्या किमती प्रेफ्स.जेएसमध्ये (ब्राउझर स्वतः सेटिंग्ज जतन करतो ती फाइल) उतरतात. म्हणून रीसेट टिकत नाही. उलट नुसती यूजर.जेएस काढली, तरी आधी उतरलेल्या किमती प्रेफ्स.जेएसमध्ये राहतातच. दोन्ही करावं लागेल. अबाउट:सपोर्टमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, ब्राउझर पूर्ण बंद करा, यूजर.जेएसचं नाव बदला, मग ब्राउझर उघडून अबाउट:कॉन्फिगमध्ये फक्त बदललेली सेटिंग्ज दाखवा आणि त्या ओळींसमोरचं रीसेटचं बटण दाबा. प्रेफ्स.जेएस हातानं बदलायचीच असेल तर ब्राउझर बंद असतानाच. नाहीतर तो बंद होताना तुमचे बदल पुसून टाकेल.

प्रतिसाद २
लुकलुकण्यामागे बहुधा पहिली ओळ आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर सदोष असेल तर फायरफॉक्स स्वतःहून प्रवेग (पान रंगवायला ग्राफिक्स कार्ड वापरणं) बंद ठेवतो. ट्रू केल्यानं ती अडवणूक मोडते. रीसेटनंतरही लुकलुकलं तर सेटिंग्ज > जनरल > परफॉर्मन्समध्ये हार्डवेअर प्रवेग बंद करून पाहा. फरक पडला तर ड्रायव्हर अद्ययावत करा.

मेमरी कॅशचा (पानांचा रॅममधला तात्पुरता साठा) आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे तुम्ही १ जीबीपर्यंत मुभा दिलीत. मूळ किंमत -१ आहे, त्यात ब्राउझर रॅम बघून ठरवतो. ८ जीबीत तेच योग्य. डिस्क कॅशही चालू करा. पाइपलायनिंगचा (उत्तराची वाट न पाहता एकाच जोडणीवर अनेक मागण्या पाठवणं) कोड केव्हाच काढून टाकलाय; ती ओळ यादीत दिसते, पण करत काहीच नाही.

प्रश्नकर्ता
रीसेट टिकलं, लुकलुकणं थांबलं. ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल (उघडे टॅब किती वेळानं जतन होतात) वाढवलं तर चालेल? डिस्क संथ आहे.

प्रतिसाद २
चालेल. मूळ १५००० मिलिसेकंद, म्हणजे १५ सेकंद. ६०००० केलंत तर डिस्कवरचं लिखाण कमी होईल, पण क्रॅश झाल्यास शेवटच्या मिनिटातले टॅब परत मिळणार नाहीत. टॅब अजून क्रॅश होत असतील तर आधी अबाउट:प्रोसेसेस उघडून कोणतं पान मेमरी खातंय ते बघा आणि अबाउट:क्रॅशेसमधला ताजा अहवाल इथे द्या.